समुद्रकाठच्या शहरात सुट्टी ठरवताय? मग आधी समुद्राचं वेळापत्रक बघा

समुद्रकाठच्या शहरात सुट्टीला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी तिकीट काढतात, मग हॉटेल, मग मोबाइलवर बघून बघून ठिकाणांची यादी, आणि समुद्राचं काय, तो कुठे जातोय, गेल्यावर बघूच. मीही बरीच वर्षं असंच करायचे. पण समुद्र जातो ना! बऱ्याच ठिकाणी दिवसातून दोनदा तो चांगला लांब जातो आणि दोनदा परत येतो, आणि आपण सुट्टीतले जे तास त्याच्यासाठी ठेवलेले असतात त्या तासांना तो कुठे असणार हे महिनाभर आधी कळू शकतं, फक्त कुणी बघत नाही.

एकदा आई-बाबांना घेऊन अशाच एका शहरात गेलो होतो. किनाऱ्यासमोर छोटंसं बेट, बेटावर जुना बुरुज, आणि ओहोटीला तिथपर्यंत दगडी वाट उघडी पडते असं वाचलेलं, आईला त्या वाटेने चालत जायचंच होतं. पहिल्या दिवशी दुपारी पोचलो तर वाट पाण्याखाली. म्हटलं उद्या येऊ. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत, तर पाणी जवळपास तेवढंच, कारण भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनीच पुढे सरकते, म्हणजे कालच्या वेळेला गेलात तर बहुतेक कालचंच चित्र दिसणार. सकाळी लवकर गेलो असतो तर वाट मोकळी होती. दोन दिवस होते आणि दोन्ही दिवस आई पायऱ्यांवर बसून लांबून बुरुज बघत राहिली. त्यानंतर मी क्रमच बदलला, आधी समुद्र, मग वारा आणि ऋतू, मग राहायची जागा, आणि या सगळ्यावरून तारखा, तिकीट सगळ्यात शेवटी.

आता भरती-ओहोटीचं नीट सांगते कारण सगळं इथेच अडतं. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांपेक्षा थोडं जास्त. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तितकंच खाली जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढ-उतार कमी. म्हणजे खडकातली डबकी, त्यातले खेकडे, शंख, समुद्रफुलं बघायची असतील, पोरं बरोबर असतील तर ही मजा सोडूच नका, तर अमावस्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरा आणि ओहोटीच्या तासभर आधी तिथे पोचा. आणि नुसतं शांत पोहायचंय, वाळूत लोळायचंय तर भांगाचे दिवस बरे, किनारा दिवसभर साधारण सारखाच राहतो.

पण हे सगळीकडे सारखं नाही बरं का. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी फरक अर्ध्या मीटरच्या आतच असतो, तिथे जाणार असाल तर हा पूर्ण परिच्छेद विसरलात तरी चालेल. उलट फ्रान्सच्या सँ-मालोमध्ये उधाणाला फरक १२ मीटरच्याही वर जातो, म्हणजे चार मजली इमारतीएवढा, तिथलं ग्राँ बे नावाचं बेट ओहोटीला चालत गाठता येतं आणि भरतीला पूर्ण तुटतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तर १६ मीटरपर्यंत. आणि मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागात दिवसाला एकच भरती. म्हणून दुसऱ्या गावाच्या अनुभवावर जाऊ नका, ज्या शहरात जाणार त्याच्याच बंदराचं टाइड टेबल काढा, नेटवर फुकट मिळतं, त्यात वेळ आणि उंची दोन्ही असतात. उंची पण बघा, नुसती वेळ नको. आणि त्या देशात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात का आणि टेबलमध्ये ते धरलंय का तेही तपासा, काही टेबलांत धरलेलं नसतं आणि तिथे पूर्ण एक तासाचा घोळ होतो.

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाटेने जायचं असेल तर एक गोष्ट पाठच करून ठेवा. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात अगदी थोडं, दुसऱ्यात जरा जास्त, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. म्हणून ओहोटीनंतर पहिला तास सगळं निवांत वाटतं, माणूस फोटो काढत बसतो, आणि मग पाणी एकदम धावत आल्यासारखं येतं. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघायचं, ओहोटीच्या वेळेला परतीची पावलं टाकायची. वाट सपाट वाळूची असेल तर अजून लवकर, कारण मध्ये कुठेतरी खोलगट भाग असतो आणि पाणी समोरून न येता मागून तुम्हाला गाठतं.

आता ऋतू. इथे लोक हवेचं तापमान बघतात आणि पाण्याचं बघत नाहीत. समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो, युरोपसारख्या उत्तर गोलार्धातल्या थंड भागांत पाणी सगळ्यात गरम साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला आणि सगळ्यात गार फेब्रुवारी-मार्चला. मे महिन्यात ऊन छान असतं पण पाण्यात पाय टाकला की कळ येते, आणि सप्टेंबरात शाळा सुरू झालेल्या, गर्दी ओसरलेली, पाणी मात्र अजून ऊबदार. मला विचाराल तर युरोपातल्या किनाऱ्यांसाठी सप्टेंबरसारखा महिना नाही. दक्षिण गोलार्धात हे सगळं उलटं, तिथे फेब्रुवारी-मार्च. नेटवर त्या शहराचं महिन्यावार पाण्याचं तापमान मिळतं ते बघा, १५ अंशांच्या खाली असेल तर पोहण्याचा बेत सोडा, इतक्या गार पाण्यात एकदम उतरलं की श्वास अडकतो, चांगले पोहणारे सुद्धा घाबरतात.

आणि "उन्हाळा म्हणजे समुद्र" हे समीकरण पण सगळीकडे चालत नाही. सॅन फ्रान्सिस्कोला जून-जुलै-ऑगस्टमध्ये चड्डी-टीशर्ट घेऊन जाणारे लोक पहिल्याच दिवशी जॅकेट विकत घेतात, कारण तिथलं समुद्राचं पाणी गार, आतली दरी तापते आणि हवा वर चढली की समुद्रावरचं धुकं आत ओढलं जातं, तिथे खरी ऊब सप्टेंबर-ऑक्टोबरात. पेरूच्या लिमामध्ये थंडीच्या महिन्यांत आकाश आठवडेच्या आठवडे राखाडी, पाऊस म्हणावा तर नाही, नुसती भुरभुर. भारताचा पश्चिम किनारा जून ते सप्टेंबर खवळलेला, तेव्हा किनाऱ्यावरून बघायला भव्य पण पाण्यात उतरायचं नाही. अटलांटिकमधला हरिकेनचा, म्हणजे तिथल्या चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. बंगालच्या उपसागरात वादळं मुख्यतः मान्सूनच्या आधी आणि नंतर, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. वादळाच्या मोसमात जायचंच नाही असं मी म्हणत नाही, त्या दिवसांत गर्दी कमी असते, पण मग प्रत्येक बुकिंग रद्द करता येण्याजोगं हवं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

वारा हा वेगळा विषय आहे आणि तो फोटोत दिसत नाही म्हणून विसरला जातो. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री उलटं, जमिनीवरून मतलई वारे. म्हणून सकाळी पाणी आरशासारखं आणि दुपारी तीनला तेच पाणी खडबडीत. कयाक, पॅडल बोर्ड, स्नॉर्कलिंग, छोट्या बोटीची सहल, ज्याला ज्याला शांत पाणी लागतं ते सगळं सकाळी ठेवा. एजंट दुपारची वेळ देतो कारण सकाळची भरलेली असते, आपण दोन दिवस थांबून सकाळचीच घ्यायची. केप टाऊनला उन्हाळ्यात आग्नेयेकडून जो वारा सुटतो तो कधीकधी दिवसेंदिवस थांबत नाही, टेबल माउंटनची केबल कार १९२९ पासून आहे पण वारा जास्त असला की ती बंदच. म्हणून तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते, पोचल्यावर जो पहिला शांत, स्वच्छ दिवस मिळेल त्या दिवशी वर जाऊन या, बाकीचं नंतर. डोंगर, दीपगृह, बेट, असं वाऱ्यावर अवलंबून असलेलं काहीही शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवायचं नाही. त्याच शहरात क्लिफ्टनचा किनारा या वाऱ्यापासून आडोशाला आहे पण पाणी बर्फासारखं, आणि म्युझेनबर्गच्या बाजूला पाणी त्यामानाने ऊबदार पण तिथे वारा लागतो. एका शहरात दोन समुद्र असल्यासारखं! असा फरक बऱ्याच शहरांत असतो, एखादं भूशिर मध्ये आलं की दोन्ही बाजूंची तऱ्हा वेगळी, आणि ज्या दिवशी एका बाजूला वारा असेल त्या दिवशी दुसऱ्या बाजूला जायचं.

मग किनारा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते नकाशावर बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो शहराच्या मागे, बार्सिलोनात बीचवर सूर्यास्त बघायला बसलेली माणसं मी पाहिलीयेत, सूर्य त्यांच्या पाठीमागे इमारतींच्या आड गेलेला. तिथे सूर्यास्तासाठी मागच्या टेकडीवर जायचं आणि समुद्रावर पहाटे जायचं. फोटोचंही तेच, पूर्वेच्या किनाऱ्यावर सकाळी सगळं पाणी नुसतं चकाकतं आणि माणसं काळी येतात, दुपारनंतर ऊन पाठीमागून आलं की पाण्याचा खरा निळा रंग दिसतो. पश्चिम किनाऱ्यावर बरोबर उलट.

इतकं झालं की मग हॉटेल. "सी व्ह्यू" या शब्दावर पैसे टाकायच्या आधी सॅटेलाइट नकाशा उघडा आणि हॉटेल ते पाणी यांच्यामध्ये नक्की काय आहे ते बघा. रेल्वेचे रूळ? सहा पदरी रस्ता? बंदराची भिंत? ३०० मीटर लिहिलेलं असतं पण रस्ता ओलांडायचा पूल लांब आहे म्हणून चालणं पाऊण किलोमीटर होतं. सुंदर दिसणारी किनारपट्टीची शहरं बऱ्याचदा डोंगरउतारावर असतात, सुंदर त्याच्यामुळेच तर दिसतात, म्हणून अंतराबरोबर चढ पण मोजा, नकाशात चालायचा रस्ता टाकला की किती मीटर चढ आहे ते दिसतं. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मी समुद्राचं दृश्य सोडून देते आणि खालच्या सपाट रस्त्यावरची, बस थांब्याजवळची खोली घेते, कारण दृश्य खोलीतून बघायचं नसतंच, संध्याकाळी उठून सहज खाली फेरी मारता आली पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज ८० पायऱ्या चढायला लावल्या तर तो तिसऱ्या दिवशी खोलीतच थांबतो आणि तुम्हाला म्हणतो तुम्ही जा, माझं झालंय फिरून. आणि खोली रस्त्याच्या बाजूची की मागची, खाली पहाटेपर्यंत गाणी लावतात का, हे लोकांच्या रिव्ह्यूमध्ये "आवाज" शोधून वाचा.

किनारा वाळूचा की गोट्यांचा हेही आधी बघा हं, फ्रान्समधल्या नीसचा जो प्रसिद्ध किनारा आहे तो पूर्ण गोट्यांचा, दिसतो अप्रतिम पण अनवाणी चालवत नाही, तिथे रबरी बूट हवेत. पोरांनी बादली-फावडं नेलं असेल तर हिरमोड होतो.

शहरात फिरताना एक गोष्ट मी कधीच चुकवत नाही ती म्हणजे लोकांची रोजची फेरीबोट. टुरिस्ट क्रूझमध्ये लाउडस्पीकर, ठरलेल्या खुर्च्या आणि तासाभरात परत, आणि त्याच पाण्यातून ऑफिसला जाणारी माणसं नेणारी साधी बोट त्याच्यापेक्षा कितीतरी कमी पैशात तेच दृश्य दाखवते. सिडनीत सर्क्युलर की ते मॅनली ही फेरी साधारण अर्ध्या तासाची, ऑपेरा हाउस आणि पूल मागे पडत जातात आणि पुढे खुल्या समुद्राचं तोंड लागतं. हाँगकाँगची स्टार फेरी, इस्तंबूलच्या बॉस्फरसमधल्या बोटी, लिस्बनहून नदीपल्याड जाणारी बोट, सगळीकडे हेच. संध्याकाळी दिवे लागायच्या पंधरा मिनिटं आधी चढा, ऑफिस सुटायची गर्दी टाळून, आणि बाहेरच्या बाजूला उभे राहा. बोट लागणारी माणसं असतील त्यांनी बोटीच्या मध्यभागी खालच्या मजल्यावर बसायचं, नजर क्षितिजावर, मोबाइल बंद, आणि गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरला विचारून बोट सुटायच्या आधी, उलटी यायला लागल्यावर ती पोटात टिकतच नाही.

मोठं बंदर असलेल्या शहरात क्रूझ जहाजांचं वेळापत्रक पण मिळतं, कुठल्या दिवशी किती जहाजं येणार ते. एका जहाजातून काही हजार माणसं सकाळी उतरतात आणि जुन्या शहराच्या त्याच चार गल्ल्यांत शिरतात. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकमध्ये तर गर्दीपायी जहाजांवर मर्यादा आणावी लागली. तिथल्या जुन्या शहराभोवतीची तटबंदी जवळपास २ किलोमीटरची आहे, दरवाजा उघडल्या उघडल्या चढलात तर शांतपणे फिराल. जहाजं बहुतेक संध्याकाळी निघतात, मग शहर पुन्हा मोकळं होतं, म्हणून जहाजाच्या दिवशी दुपारी आपण पोहायला नाहीतर झोपायला जायचं आणि जुनं शहर संध्याकाळी.

आता पाण्यात उतरायचं, इथे मात्र घाई करू नका आणि हे वाचून सोडून देऊ नका. पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून समुद्र बघा. लाटा गटागटाने येतात, चार छोट्या झाल्या की दोन-तीन मोठ्या, आल्या आल्या उतरणाऱ्याला त्या मोठ्या दिसलेल्याच नसतात. दोन बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्येच एका पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी जरा गडद, शांत, फेस आणि वाळू बाहेरच्या बाजूला जाताना दिसतेय, तर तो रिप करंट, किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायची वाट. नवीन माणूस नेमका तिथेच उतरतो कारण तीच जागा सगळ्यात शांत दिसते. त्याचा वेग कधी सेकंदाला २ मीटरच्याही वर जातो, त्याच्याविरुद्ध कुणीच पोहू शकत नाही. सापडलात तर किनाऱ्याकडे जायची धडपड करायची नाही, दमायला होतं आणि दमूनच माणसं बुडतात. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं, मग लाटांबरोबर तिरकं परत. आपलं कुणी सापडलं तर त्याच्यामागे उडी मारू नका, जीवरक्षकाला बोलवा, काहीतरी तरंगणारं फेका.

झेंडे ओळखा. बऱ्याच देशांत लाल-पिवळा म्हणजे इथे जीवरक्षक आहेत, दोन झेंड्यांच्या मध्येच पोहा. नुसता लाल म्हणजे मोठा धोका, काही देशांत तर पोहायला मनाईच, दोन लाल म्हणजे पाण्यात जायलाच बंदी, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव, काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा म्हणजे तो भाग सर्फबोर्डवाल्यांचा. तरी तिथला फलक एकदा वाचाच, देशादेशात थोडा फरक असतो. हॉटेल निवडतानाच जीवरक्षक कुठल्या महिन्यात आणि किती ते किती असतात हे बघून ठेवलं तर अजून चांगलं, सीझन संपल्यावर किनारा तोच असतो पण मनोऱ्यावर कुणी नसतं. आणि खडकावर सेल्फी काढताना समुद्राकडे पाठ नको. ओला खडक दिसला म्हणजे तिथपर्यंत लाट येते, एवढं सरळ आहे.

उन्हाचं थोडक्यात. दहा ते चार आडोसा शोधा, म्युझियम, मत्स्यालय, बाजार, झोप, काहीही. वाळू आणि फेसावरून ऊन परावर्तित होतं म्हणून छत्रीखाली बसूनसुद्धा त्वचा भाजते, ढगाळ दिवशी सुद्धा. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर परत. विकत घेताना डबीवरची नावं वाचा, हवाईमध्ये २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं असलेली सनस्क्रीन विकायला बंदी आहे कारण त्याने प्रवाळाला इजा होते, पॅसिफिकमधल्या पलाऊ या छोट्या देशातही २०२० पासून तशीच बंदी. कायदा नसेल तिथेही लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घातला की क्रीम कमी लागतं.

प्लॅन कागदावर मांडताना मी तारखांसमोर आधी तीनच गोष्टी लिहिते, ओहोटीची वेळ, सूर्योदय-सूर्यास्त आणि जहाज आहे का. ठिकाणं त्याच्यात नंतर बसवते. पाच दिवस असतील तर चारच दिवसांचं भरते, पाचवा मोकळा, आणि तो मोकळा दिवस कुठला ते आधी ठरवत नाही, ज्या दिवशी वारा किंवा पाऊस बिघडवेल त्या दिवसाचं काम तिकडे सरकतं. काहीच बिघडलं नाही तर ज्या जागेवर सगळ्यांचा जीव जडला असेल तिथे परत जातो, बाबांना तर तेच आवडतं, एकाच बाकावर दुसऱ्यांदा बसायला.

बेटावर मुक्काम असेल तर शेवटची रात्र मुख्य भूमीवर काढा. वारा वाढला की पहिल्यांदा फेरी रद्द होते आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. परतीच्या दिवशी सकाळी पोहायला जायचं असेल तर ओले कपडे ठेवायला जाड पिशवी वेगळी ठेवा, कॅमेरा आणि चष्म्यावरचं खारं पाणी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या, आणि हॉटेलमध्ये चेकआउटनंतर अंघोळीची सोय आहे का ते आदल्या रात्रीच विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी असते, फक्त विचारावं लागतं.